पोटीस, ट्यूब आणि पुवाचा नमुना



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या डॉक्टरांनी याच गावात जन्मभर दवाखाना चालवला. मला बोलायला विषय विचारला गेला तेव्हा मी गळवांचा मागून घेतला. व्यासपीठावरून पुवाबद्दल बोलणं काहींना बरं वाटणार नाही, याची मला कल्पना आहे. पण सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत बसलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. रोज येणाऱ्या रांगेत करट, केसतूड, गळू, चिघळलेली जखम, सुजलेला पाय यांचा वाटा मोठा असतो. यातली बहुतेक दुखणी आधी घरात राहून आलेली असतात. त्या घरातल्या दिवसांविषयी मला बोलायचं आहे.

सुरुवात ऑक्सफर्डपासून करते. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथल्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचलं गेलं. चेहऱ्यावरच्या एका साध्या जखमेतून जंतू शिरला होता आणि पू डोक्याच्या कातडीत, खांद्यात, फुप्फुसात पसरला होता. एक डोळा काढून टाकावा लागला होता. इंजेक्शनानंतर दिवसभरात उतार पडायला लागला, ताप कमी झाला, माणूस जेवू लागला. पण औषध फारच थोडं होतं. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलिन पुन्हा वेगळं काढून त्यालाच टोचण्यात आलं, तरी पाच दिवसांत साठा संपला. १५ मार्चला तो मरण पावला. त्वचेवरची जखम माणसाचा जीव घेऊ शकते, हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नसे. आपण ते विसरलो, कारण मधल्या काळात औषधं स्वस्त झाली आणि हाताशी आली. आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला आणि लवकरच देशात पेनिसिलिन बनू लागलं. माझ्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी त्या इंजेक्शनांच्या जोरावर किती हात आणि पाय वाचवले, हे त्यांच्याच तोंडून मी ऐकलेलं आहे.

जंतू मात्र गप्प बसलेला नव्हता. त्या शिपायाला पहिलं इंजेक्शन मिळण्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर १९४० मध्ये, ऑक्सफर्डच्याच अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन फोडून टाकणारं द्रव्य जंतूंमध्ये सापडल्याचं छापलं होतं. पुढे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवांचा नेहमीचा जंतू तपासत ठेवला. १९४६ मध्ये त्यातले १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते, १९४८ मध्ये ५९ टक्के. म्हणून मेथिसिलिन हे नवं औषध तयार झालं. ते बाजारात आल्यावर फार दिवस गेले नाहीत, १९६१ मध्ये इंग्लंडमध्येच पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही न जुमानणारे जंतू नोंदवले. हाच एमआरएसए. त्याच्या पेशीभित्तीचं बांधकाम करणारं एक प्रथिन बदललेलं असतं आणि पेनिसिलिनच्या घराण्यातल्या जवळजवळ सगळ्या औषधांना त्या बदललेल्या प्रथिनावर पकड मिळत नाही.

हा गुण सगळा माणसाने निर्माण केलेला नाही, हेही सांगायला हवं. युरोपातल्या हेजहॉग या लहानशा काटेरी प्राण्याच्या अंगावर एक बुरशी राहते आणि ती पेनिसिलिनच्या जातीची द्रव्यं सोडते. त्या बुरशीशेजारी नांदणाऱ्या जंतूंमध्ये मेथिसिलिनला दाद न देणारा एक वाण एकोणिसाव्या शतकातच, म्हणजे औषधाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी तयार झाला होता, असं २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं. निसर्गात असे वाण मूठभर असतात. आपण औषधं वाटेल तशी वापरली की त्यांचे शेजारी मरतात आणि मोकळी झालेली जागा त्यांना मिळते.

आपल्याकडचं चित्र काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, देखरेख-जाळ्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या अहवालांत स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या नमुन्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एमआरएसए निघालेले आहेत. हे मोठ्या रुग्णालयांतले, म्हणजे आधीच अवघड झालेल्या रुग्णांतले आकडे आहेत. गावातल्या प्रत्येक पुळीला ते लावू नयेत. पण हा जंतू फक्त रुग्णालयात असतो, ही समजूतही आता टिकत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की रुग्णालयात ठाण मांडून बसलेल्या जुन्या वाणाची जागा दोन नवे वाण घेत आहेत. त्यातला एसटी७७२ हा आपल्याच उपखंडातला आहे, ‘बेंगॉल बे’ वाण म्हणून तो जगभर ओळखला जातो. रुग्णालयाची पायरीही न चढलेल्या धडधाकट तरुणांना गळवं आणणारा हा वाण आहे. तो टॉवेल, वस्तरा, अंथरूण, अंगाला अंग यांतून पसरतो. अमेरिकेत २००३ मध्ये सेंट लुईसच्या एका व्यावसायिक फुटबॉल संघातल्या पाच खेळाडूंना कृत्रिम गवतावर खरचटलेल्या जागी एमआरएसएची गळवं झाली होती. तपासात वाटून वापरलेले टॉवेल आणि जखमांकडे झालेलं दुर्लक्ष पुढे आलं. आपल्या तालमी, कबड्डीचे संघ, पोलीस भरतीची शिबिरं आणि आश्रमशाळांची वसतिगृहं डोळ्यांसमोर आणा.

आता घरात येऊ. आपल्याकडे गळवावरचे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. गव्हाच्या पिठाची किंवा अळशीची पोटीस, भाजलेला कांदा, चुना आणि गूळ, हळद, कडुलिंबाचा पाला, मध, तूप. बिब्बाही आहे. यांना सरसकट नावं ठेवणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. रुग्ण त्यांच्यापासून लपवायला शिकतो आणि मग त्याने काय लावलं होतं हे कधीच कळत नाही. पण सगळ्यांना एका रांगेत बसवून ‘आयुर्वेदात सगळं आहे’ म्हणणंही मला पटत नाही. एकेकाचं वेगळं पाहिलं पाहिजे.

पोटीस काम करते. तिच्यातल्या पिठाला किंवा अळशीला फारसं श्रेय नाही, श्रेय ओल्या उबेला आहे. उबेने तिथला रक्तपुरवठा वाढतो, लहान गळू लवकर पिकतं, कधी आपोआप फुटतं. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं ठेवलं तरी तेच साधतं. वाटाण्याएवढ्या करटाला, माणूस एरवी निरोगी असेल तर, दोन दिवस एवढंच करावं. कुठलंही औषध घेऊ नये. त्याला दाबून, पिळून मात्र फोडू नये, त्याने पू खोल जातो.

मधाची गोष्ट आणखी पुढची आहे आणि आपल्या सोलापूरची आहे. तिथल्या वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या जखमांवर मधात भिजवलेली गॉज, निम्म्यांवर तेव्हाचं प्रस्थापित सिल्व्हर सल्फाडायझिन मलम. मधाच्या गटात सात दिवसांत ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. इतका एकतर्फी निकाल पाहून पुढच्या अभ्यासकांनी सावधगिरी बाळगली आणि ते योग्यच केलं. पण अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावरही वरवरच्या भाजण्यावर मधाने जखम काही दिवस लवकर भरते, एवढं टिकून राहिलं. मधातली दाट साखर जंतूचं पाणी ओढून घेते आणि त्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. आज जगभर जखमांसाठी जो मध विकला जातो तो किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो, कारण मधात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. आणि मुख्य म्हणजे सोलापूरचे ते रुग्ण रुग्णालयात होते, त्यांच्या जखमा डॉक्टरांच्या नजरेखाली होत्या. उघड्या, वरवरच्या जखमेवर मध काम करतो. कातडीखाली पुवाने भरलेल्या पोकळीवर वरून लावलेला मध आत पोहोचतच नाही.

हळदीबद्दल आपलं मन फार हळवं आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान देऊन ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं. त्या विजयाचा मला अभिमान आहे. पण तो खटला कशावर जिंकला गेला, हे आपण सोयीने विसरतो. हा वापर नवा नाही, भारतात तो आधीपासून चालत आला आहे आणि छापूनही आलेला आहे, एवढंच तिथे सिद्ध करायचं होतं आणि तेवढंच सिद्ध झालं. एमआरएसएचं गळू हळदीने बरं होतं, असं तिथे कुणी म्हटलंही नव्हतं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत हळदीतलं द्रव्य जंतूंना मारतं, हे खरं आहे. काचेच्या बशीत असंख्य गोष्टी जंतूंना मारतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यकग्रंथातलं लसूण, कांद्याच्या कुळातली भाजी, वाईन आणि गाईचं पित्त यांचं अंजन नऊ दिवस ठेवून तयार केलं. त्याने एमआरएसएचे जंतू मोठ्या प्रमाणावर मारले, उंदरांच्या जखमांतलेसुद्धा. जगभर बातम्या झाल्या. संशोधकांनी त्यापुढे अनेक वर्षं घालवली ती त्यातलं नेमकं काय काम करतं आणि माणसाच्या कातडीला ते सोसेल का, हे शोधण्यात. जुन्या उपायाचा खरा आदर मला त्यात दिसतो.

लसूण ठेचून रात्रभर बांधली की कातडी भाजते, हे मी पाहिलं आहे. बिब्बा उतला की काय होतं, हे इथल्या ज्येष्ठ मंडळींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शेण, राख, तंबाखू उघड्या जखमेवर लावू नये, तिथे धनुर्वाताचा धोका आहे. या पाच गोष्टी आजच सोडाव्यात.

गळवाचं मूळ औषध कुठलंही द्रव्य नाही, वाट आहे. पू बाहेर गेला पाहिजे. हे सुश्रुताला माहीत होतं. त्याने सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा अवस्था सांगितल्या, पिकलेल्या सुजेवर शस्त्र चालवायला सांगितलं, न पिकलेलं कापणाऱ्या आणि पिकलेलं तसंच ठेवणाऱ्या दोघाही वैद्यांना दोष दिला. परंपरेचा दाखला देताना आपण सुश्रुताची हळद आणि मध उचलतो, त्याचं शस्त्र तसंच ठेवून देतो. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे पोटात घेतलेली गोळीसुद्धा तिथे नीट पोहोचत नाही. छोटा छेद द्यायचा, आतले कप्पे बोटाने किंवा चिमट्याने मोकळे करायचे, पोकळी धुवायची. एमआरएसएने कितीही औषधांना नकार दिलेला असो, छेदाला तो नकार देऊ शकत नाही. २०१६ आणि २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचे दोन मोठे अभ्यास आले. तिथे गळवांत एमआरएसएच जास्त असतो. नुसतं कापून, औषधाच्या जागी साधी गोळी दिलेले रुग्णही १०० पैकी ६९ ते ७४ बरे झाले. कापून योग्य प्रतिजैविक दिलेले ८० ते ८३ बरे झाले. म्हणजे औषधाचा फायदा आहे, पण सगळ्यात जड काम छेदाने केलेलं आहे. आणि ते योग्य प्रतिजैविक म्हणजे काही महागडं इंजेक्शन नव्हतं, को-ट्रायमॉक्साझोल आणि क्लिंडामायसिन ही जुनी, स्वस्त औषधं होती.

मग घरी किती थांबावं? दोन दिवस शेकून उतार नसेल, गळू वाढत असेल, हाताला मऊ लागत असेल तर दवाखान्यात जावं. काही ठिकाणी मात्र एक दिवसही थांबू नये. नाक, वरचा ओठ आणि डोळ्यांमधल्या भागातल्या शिरांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी आहे. तिथली पुळी नखाने फोडणं जिवावर बेतू शकतं. हुडहुडी भरून ताप, जखमेपासून वर चढत जाणारी लाल रेघ, तान्हं बाळ, गरोदर बाई, कर्करोगाची औषधं चालू असलेला माणूस, या सगळ्यांनी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणखी एक खूण मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती घरच्यांच्याच लक्षात येऊ शकते. वरून फारसं काही दिसत नाही, थोडी लाली आहे, पण माणूस वेदनेने तळमळतो आहे. आत मांसावरचं आवरण सडत असण्याची ती खूण असते आणि तिथे तास मोजायचे असतात.

आणि मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि त्यातल्या पुष्कळांना तो झाल्याचं माहीतही नाही. पाठीवर, मानेवर अनेक तोंडांची काळपुळी होते तेव्हा पुष्कळदा साखर पहिल्यांदा तपासली जाते. ऊसतोडीवरून आलेला एक गडी मला आठवतो. मानेमागे तळहाताएवढी काळपुळी, तिच्यावर आठवडाभर चुना-गूळ. त्याच्या बायकोने मन लावून, न चुकता रोज लेप बदलला होता. तिच्या कष्टांत काही कमी नव्हतं, फडावरून तालुक्याला यायचं तर दोघांची मजुरी बुडत होती. त्याची साखर साडेचारशेच्या वर होती. तो वाचला, पण मानेवरची कातडी मांडीवरून आणून लावावी लागली. ‘अशिक्षितपणा’ म्हणून असं दुखणं मोडीत काढणाऱ्यांनी त्या मजुरीचा हिशोब एकदा करावा.

आता ज्यासाठी मी हा विषय मागितला तिकडे येते. गेल्या वीसेक वर्षांत आपल्या घरात एक नवा घरगुती उपाय शिरला आहे आणि तो हळदीहून, चुन्याहून, बिब्ब्याहूनही जास्त नुकसान करतो आहे. कपाटातली उरलेली गोळ्यांची पट्टी आणि मेडिकलवाल्याकडून आणलेली ट्यूब, हा तो उपाय. मागच्या वेळी घशाला दिलेल्या गोळ्यांपैकी तीन उरल्या, त्या सुनेच्या गळवाला दिल्या. कुणी दोन दिवस घेतल्या, दुखणं थांबलं, सोडल्या. एवढ्याने गळवातला जंतू मरत नाही. शिवाय ज्याच्यासाठी गोळी घेतली त्या जंतूवरच ती पडते असंही नाही. साधारण तिघांतल्या एका माणसाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस काहीही त्रास न देता राहत असतो, आतड्यांत आणखी अब्जावधी जंतू असतात. त्या सगळ्यांवर गोळी पडते आणि तग धरणारे तेवढे उरतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना नेमकं हेच सांगितलं होतं. घसा दुखणारा एक माणूस स्वतःच्या मनाने अपुरं पेनिसिलिन घेतो, जंतूंना मरू न देता शहाणं करतो, ते बायकोला लागतात आणि ती दगावते, असं काल्पनिक उदाहरण त्यांनी दिलं होतं.

ट्यूबचा प्रकार याहून वाईट. खाजेला, पुळीला, नायट्याला, सगळ्याला एकच. बहुतेकदा तिच्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि एक प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र असतात. स्टिरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत कमी होते, म्हणून माणसाला ती रामबाण वाटते. पण स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं, कातडी पातळ करतं आणि आतला संसर्ग शांतपणे पसरू देतं. देशभर गेल्या दहा वर्षांत नायटा जो हट्टी झाला, मांड्यांपासून चेहऱ्यापर्यंत चढला, त्यात या ट्यूबचा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आले. त्यांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच खाली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत आणली. त्याआधी १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ लागू झालं, त्यातल्या प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवायची असते. कायदे आहेत. काउंटरवर मात्र आजही ‘गळवाची गोळी द्या’ म्हटलं की गोळी मिळते.

दुकानदारावर सगळं ढकलून आम्हा डॉक्टरांना मोकळं होता येणार नाही. गळू पिकलेलं असताना न कापता पाच दिवसांचं प्रतिजैविक लिहून देणारे आमच्यातही आहेत. कापायला वेळ लागतो, भूल द्यावी लागते, ड्रेसिंगला माणूस लागतो; चिठ्ठी दोन मिनिटांत होते. कापल्यावर निघालेला पू कचऱ्यात जातो. तो पू प्रयोगशाळेत गेला तर दोन-तीन दिवसांत नेमका जंतू आणि त्याच्यावर चालणारं औषध समजतं. ज्या घरात एकामागून एक सगळ्यांना गळवं येतात, तिथे तर पुवाच्या या तपासणीशिवाय, म्हणजे कल्चरशिवाय, औषध देणं म्हणजे अंदाजाने चालणं आहे. अशा घराने टॉवेल, वस्तरा, नेलकटर प्रत्येकाचा वेगळा ठेवावा, अंथरुणं गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावीत, जखम झाकलेली ठेवावी, आणि नाकात लावायच्या मुपिरोसिन मलमाबद्दल डॉक्टरांशी बोलावं. तेही मलम मनाने आणून लावू नये, त्याला दाद न देणारे जंतूही आता सापडतात.

अशा नमुन्यांचा उपयोग एका रुग्णापुरता नसतो. एखाद्या तालुक्यातले वर्षभराचे पुवाचे अहवाल एकत्र केले की इथल्या गळवांवर कोणतं स्वस्त औषध चालतं आणि कोणतं आता चालत नाही, याचा तक्ता तयार होतो. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरला मुंबईच्या किंवा दिल्लीच्या आकड्यांवर विसंबावं लागत नाही. मोठ्या शहरांतली रुग्णालयं असे तक्ते करतात. आपल्या जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयातून नमुना पुढे पाठवण्याची नियमित सोय नाही. शीतपेटी असलेली एक गाडी आठवड्यातून तीनदा तालुक्यांतून फिरून वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आली तरी हे काम सुरू होईल. हा प्रस्ताव मी लेखी स्वरूपात अनेकदा दिला आहे. जिल्हा परिषदेचे सदस्य आज सभागृहात बसलेले आहेत, म्हणून त्यांच्यासमोर तो पुन्हा ठेवते. व्याख्यान संपल्यावर त्याची प्रत मी त्यांच्या हाती देणार आहे.